धर्मगुरूने कशावर बोलावे?

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षपदी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर येण्याची ही पहिलीच वेळ. सप्टेंबर २०१९ मध्ये निवड जाहीर झाली, तिला काही संघटनांनी विरोध केला, धमक्यांचे फोन आले. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही ‘जाऊ नका’ असे सांगण्यात आले. ते आले आणि त्यांनी उद्घाटन केले. याला महत्त्व एवढ्यासाठी, की वर्षभरापूर्वी यवतमाळच्या संमेलनात आयोजकांनी नयनतारा सहगल यांचे निमंत्रण दडपणाखाली मागे घेतले होते. उस्मानाबादकर तसे वागले नाहीत. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले अध्यक्ष मंचावर आले, मराठी शाळांविषयी, पर्यावरणाविषयी, धर्मांधतेविषयी बोलले आणि जेएनयूतल्या विद्यार्थ्यांवर नुकत्याच झालेल्या हल्ल्याचा त्यांनी निषेधही केला. विरोधकांचा प्रश्न मात्र तसाच राहिला: हे गृहस्थ साहित्यिक की मिशनरी? आणि त्याच्या पोटात दुसरा: धर्मगुरूने राजकारणावर, संस्कृतीवर, माणसांच्या नात्यांवर बोलावेच का?

बहुतेक पुरोगाम्यांनी या प्रश्नाचे उत्तर ‘ते साहित्यिकच आहेत’ असे दिले. उत्तर सोयीचे होते, पण पुरते खरे नव्हते. दिब्रिटो १९७२ मध्ये धर्मगुरू झाले आणि अखेरपर्यंत धर्मगुरूच राहिले. चोवीस वर्षे, १९८३ ते २००७, त्यांनी संपादित केलेले ‘सुवार्ता’ हे चर्चचेच मासिक. ज्या ‘सुबोध बायबल’साठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला तो ख्रिस्ती धर्मग्रंथच. त्यांच्या लेखनातून श्रद्धा वजा केली तर फारसे काही उरत नाही. म्हणून खरा वाद असा मांडायला हवा: श्रद्धेतून सार्वजनिक प्रश्नांवर बोलणे योग्य केव्हा आणि अयोग्य केव्हा? माझे म्हणणे असे, की त्याच्या कसोट्या दोन. बोलणाऱ्याने आपली कारणे अशी मांडावीत, की त्याचा धर्म न मानणाऱ्यालाही ती तपासता आणि खोडता यावीत. आणि जो निकष तो बाहेरच्यांना लावतो तो त्याने आधी आपल्या घराला लावलेला असावा. मराठी ख्रिस्ती परंपरेचा चारशे वर्षांचा पट या कसोट्यांवर पाहिला तर ती राजकारणात बऱ्यापैकी उतरते, संस्कृतीत कधी फार उंच जाते आणि कधी घसरते, नात्यांच्या बाबतीत उशिरा जागी होते, आणि जातीपाशी आल्यावर अडखळते.

दुसरी कसोटी उस्मानाबाद जिल्ह्याला परकी नाही. संमेलनाच्या नगरीला ज्यांचे नाव दिले होते ते संत गोरोबा काका याच जिल्ह्यातल्या तेरचे. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कोणते मडके कच्चे ते सांगितले, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेव कच्चे निघाले एवढेच आपण लक्षात ठेवतो. गोरोबांनी तपासले ते परके कोणी नव्हते, आपल्याच पंगतीतले होते, हे विसरतो. त्याच तेरमधले त्रिविक्रमाचे देऊळ मुळात बौद्ध चैत्य होते असे अभ्यासक मानतात. जिल्ह्यात तुळजाभवानी आहे, भूम तालुक्यात कुंथलगिरीचे जैन तीर्थ आहे, शहरात ख्वाजा शमशोद्दीन गाझींचा दर्गा आहे. ख्रिस्ती वस्ती मात्र नगण्य. राज्यातच २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती एक टक्क्याहून किंचित कमी, सुमारे पावणेअकरा लाख. एवढ्या छोट्या समाजातल्या धर्मगुरूने मंचावर येऊ नये म्हणून धमक्या द्याव्या लागल्या, याचा अर्थ भीती संख्येची नव्हती.

राजकारणापासून सुरुवात करू. कॅथलिक चर्चचा १९८३ चा कायदेसंग्रह या बाबतीत पुष्कळ स्पष्ट आहे. राज्यसत्तेचा वापर करावा लागेल असे पद धर्मगुरूने घेऊ नये; राजकीय पक्षात किंवा कामगार संघटनेच्या नेतृत्वात सक्रिय भाग घेऊ नये, चर्चच्या हक्कांसाठी किंवा सर्वांच्या हितासाठी वरिष्ठांना ते आवश्यक वाटले तरच अपवाद. पण यातल्या दुसऱ्या मनाईच्या कलमाचा आरंभ असा, की न्यायावर आधारलेली शांतता आणि सलोखा वाढवणे हे धर्मगुरूचे कामच आहे. म्हणजे सत्तेला मज्जाव, न्यायाचा आग्रह. ही रेघ कागदावर सोपी दिसते, प्रत्यक्षात ती सापडणे किती अवघड असते याचे ठळक उदाहरण निकाराग्वाचे कवी आणि धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल. १९७९ च्या क्रांतीनंतर ते संस्कृतिमंत्री झाले. मार्च १९८३ मध्ये मानाग्वाच्या विमानतळावर गुडघे टेकून बसलेल्या कार्देनालना पोप दुसरे जॉन पॉल यांनी जगासमोर बोट दाखवून समज दिली, आणि पुढच्या वर्षी त्यांचे धर्मगुरूपदाचे अधिकार थांबवले. ही बंदी उठली २०१९ मध्ये, पोप फ्रान्सिस यांच्या हातून. उस्मानाबादच्या संमेलनानंतर दोन महिन्यांच्या आतच कार्देनाल वारले. ज्या क्रांतीसाठी ते मंत्री झाले तिच्यातून निघालेल्या ओर्तेगा राजवटीचे ते पुढे कडवे टीकाकार झाले, हेही नोंदवायला हवे. चर्चची शिक्षा कठोर होती, पण सत्तेविषयीची त्याची शंका पोकळ नव्हती.

दिब्रिटोंनी ही रेघ ओलांडली नाही. तिच्या अगदी कडेला मात्र ते वर्षानुवर्षे उभे राहिले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला. केळीच्या वाड्या, पानमळे, बावखल नावाची तळी यांच्या जागी इमारतींचे आराखडे आले, विहिरींचे गोडे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले आणि या सगळ्याला गुंडगिरीचे कवच मिळाले. १९८८ मध्ये ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली आणि दिब्रिटो तिचा चेहरा झाले. ‘सुवार्ता’चा अंक आणि रविवारची मिस्सा ही त्यांची साधने होती, त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र पाण्याचा, शेतजमिनीचा आणि दहशतीचा होता. भूजल खाली जाते की नाही हे कळायला बाप्तिस्मा लागत नाही. समितीशी हिंदू कार्यकर्ते आणि शेतकरी जोडले गेले ते यामुळे. पहिल्या कसोटीवर हे आंदोलन निर्विवाद उतरते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. हरित वसई म्हणजे शेवटी बागायतदारांचे हितरक्षण होते, मुंबईत खोली न परवडणाऱ्या नोकरदाराला विरार-नालासोपाऱ्यात जी दोन खोल्यांची जागा मिळाली ती या आंदोलकांच्या नजरेत केवळ अतिक्रमण होती, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. शिवाय जमिनी विकणाऱ्यांत ख्रिस्ती शेतकरीही होते. बिल्डर काही आकाशातून पडले नव्हते. पण आंदोलनाचा रोख घर शोधणाऱ्या माणसावर नव्हता, पाणी, गटार, रस्ता यांचा हिशेब न करता इमले उठवणाऱ्या व्यवस्थेवर होता, आणि पाण्यासाठी ताटकळणाऱ्या नालासोपाऱ्याच्या रहिवाशालाच तो हिशेब आधी कळला. आंदोलन जिंकले असे म्हणवत नाही. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, गावे वगळण्यासाठी पुन्हा लढा द्यावा लागला, आणि आजची वसई पाहणाऱ्याला हरित हा शब्द आठवणार नाही. दुसरा आक्षेप सेक्युलर मंडळींचा: अन्यायाविरुद्ध बोलायला राज्यघटना पुरेशी असताना मध्ये बायबल कशाला? राज्यघटना बोलण्याचा हक्क देते, हे खरे. पण गावोगावच्या माणसांना धमकीच्या दिवसांत घराबाहेर काढायला, पुन्हा पुन्हा एकत्र बसवायला काहीतरी जुने, रोजच्या सवयीतले बंधन लागते. वारकऱ्यांच्या दिंडीने, शेतकरी कामगार पक्षाच्या शाखेने, आंबेडकरी विहाराने महाराष्ट्रात हे काम केले आहे. वसईत ते चर्चच्या धर्मग्रामांनी केले. हक्क घटनेचा, बळ श्रद्धेचे. यात विसंगती दिसत नाही.

संस्कृतीचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही, कारण तिथे इतिहास मध्ये येतो. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. ओवीत लिहिलेल्या या ग्रंथात त्यांनी मराठीचा जो गौरव केला तो शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला पाठ आहे. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय चालू होते, ते १८१२ पर्यंत चालले; आणि ‘ख्रिस्तपुराण’ छापल्यानंतर अडुसष्ट वर्षांनी, १६८४ मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांच्या बोलीवरच बंदीचा हुकूम काढला. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती, देवळे पाडली गेली, माणसे बाटवली गेली. ख्रिस्ती लेखक हा भाग गिळून फक्त स्टीफन्सची ओवी पुढे करत असतील तर विरोधकांनी चिडणे स्वाभाविक आहे. पण दुसरीही बाजू आहे. चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज गेले, ख्रिस्ती शेतकरी राहिले. पाठीशी सत्ता नसताना त्यांनी श्रद्धा सांभाळली, आणि कादोडी बोली, लग्नातली गाणी, शेतीचे सणही सांभाळले. त्यांच्या पूर्वजांवर जबरदस्ती झाली म्हणून आजच्या त्यांच्या श्रद्धेला जबरदस्तीचे फळ म्हणायचे, तर पोर्तुगिजांनी त्यांना जसे गृहीत धरले तसेच आपणही धरतो. १२ मार्च २००० रोजी दुसऱ्या जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या ऐतिहासिक पापांची जाहीर क्षमा मागितली, त्यात सत्याच्या सेवेच्या नावाखाली वापरलेल्या सक्तीचाही उल्लेख होता. गोव्याच्या इन्क्विझिशनचे नाव घेऊन, मराठीत आणि कोकणीत, तशी क्षमा मागितली गेली असती तर अधिक बरे झाले असते.

श्रद्धेने संस्कृतीशी कसे वागावे याचे सर्वांत तीक्ष्ण उत्तर एका बाईने दिले आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. तिथल्या धर्मभगिनींनी दिलेल्या क्रुसावरचे लॅटिन शब्द त्यांना नको होते. मला न कळणारी भाषा मी अंगावर का वागवू, संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. त्या शाकाहारी राहिल्या. इंग्लंडच्या चर्चची शिकवण जशीच्या तशी मान्य करायला त्यांनी नकार दिला आणि त्या धर्मभगिनींपैकी सिस्टर जेराल्डिनबरोबरच्या पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घातला. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ते छापून पुरे झाले १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. नारायण वामन टिळकांनीही मिशनऱ्यांच्या चाकोरीबाहेर पडून १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला परवानगी दिली आणि १९६५ मध्ये इतर धर्मांतल्या सत्याचा आदर करण्याचे मान्य केले, त्याच्या कितीतरी आधी मराठी माणसे तिथे पोचली होती.

भाषेबाबत उस्मानाबादच्या मंचाला आणखी एक संदर्भ होता. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सरकारी कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूत. १९४३ मध्ये मराठवाडा साहित्य परिषद स्थापन झाली ती या पार्श्वभूमीवर, आणि संमेलनाची यजमान तिचीच उस्मानाबाद शाखा होती. अशा जागी वसईतल्या नंदाखालचा एक धर्मगुरू मराठी शाळा वाचवा म्हणून सांगतो, तेव्हा श्रोत्याच्या मनात येतेच: मग कॉन्व्हेंट कोणाचे? मुलांना मराठीपासून तोडण्यात चर्चच्या इंग्रजी शाळांचा वाटा मोठा नाही का? आहे. वसईत चर्चने चालवलेल्या जुन्या शाळा मराठी माध्यमाच्या होत्या हे खरे, पण तिथेही वारे फिरले आहे. पालकांची मागणी आहे हे संस्थाचालकांचे उत्तर इथे चालणार नाही, कारण तेच उत्तर वसईचे बिल्डरही देत होते. या मुद्द्यावर दिब्रिटोंचे भाषण बरोबर होते आणि त्यांच्या चर्चची कृती चूक आहे. निकष घराला लागलेला नाही.

आता धर्मांतराचा आक्षेप, कारण विरोधाचे मूळ तिथेच होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले, की धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. मला हा निकाल अर्धवट वाटतो, कारण त्यात धर्मांतर ‘करणारा’ दिसतो, धर्म ‘बदलणारा’ दिसत नाही. पण प्रश्न निव्वळ कल्पित नाही आणि तो ख्रिस्ती मंडळींनी हसण्यावारी नेऊ नये. रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढले ते धार्मिक तटस्थतेचा शब्द देऊन. सदन पुण्याला आल्यावर मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या. दार उघडे होते, सक्ती नव्हती, असे रमाबाईंचे म्हणणे. तरी १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने टीका केली हे बाजूला ठेवू, रानडे काही सनातनी नव्हते. विधवेला छप्पर, अन्न, अक्षर देणारी बाई प्रार्थनेला बसते तेव्हा शेजारी बसणाऱ्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीची इच्छा किती मोकळी असते, हा प्रश्न रास्त होता. मदत देणाऱ्याच्या हातात सत्ता असते, आणि तिथे दार उघडे ठेवणे पुरेसे नसते, कधी कधी ते मुद्दाम लावून घ्यावे लागते. सेवाभावी ख्रिस्ती संस्थांनी हा धडा दुष्काळात, भूकंपात, आजारपणात स्वतःहून पाळायला हवा. तसे असूनही रमाबाईंच्या टीकाकारांनी त्या विधवांसाठी काय केले, याचे उत्तर १८९३ मध्ये फारसे कोणाकडे नव्हते. तीनच वर्षांनी मोठा दुष्काळ पडला तेव्हा टाकून दिलेल्या बायकांना केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ आश्रमात नेणाऱ्या रमाबाईच होत्या.

धर्मांतराची चर्चा ब्राह्मण कुटुंबांभोवती फिरते याचेही कारण आहे. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता, त्याला कोर्टाने वडिलांच्या हवाली केले आणि मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावरून हिंदू समाजातच भांडण पेटले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त घडवून त्याला परत आणले आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. ही हकीकत आपल्या इतिहासात ठळक आहे. त्याच नारायण शेषाद्रींनी पुढे मराठवाड्यात, जालन्याजवळ, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवले. तिथे आले ते मुख्यतः मांग-महार. त्यांना परत आणण्यासाठी कोणी शास्त्री धावल्याचे ऐकिवात नाही. कोणाच्या जाण्याने समाजाला दुःख होते आणि कोणाच्या जाण्याने होत नाही, हे यावरून कळते.

नात्यांच्या बाबतीत मराठी ख्रिस्ती साहित्याने दिलेले मोठे देणे म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला तो बायकोला विश्वासात न घेता. श्रद्धेचा निर्णय म्हणून तो खरा असेल. नवरा म्हणून त्यांनी जे केले ते निष्ठुर होते. संसार मोडला, मूल मध्ये सापडले, नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना वाटेल ते सांगितले. त्या पुढे नवऱ्याकडे गेल्या, पण धर्म न बदलता, सोवळे सांभाळून. मग विटाळाची कल्पना त्यांनी स्वतः विचार करून टाकून दिली, आणि बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या वेळी. वेगळ्या धर्मांची दोन माणसे एका छपराखाली कशी राहू शकतात, याचा मराठीतला इतका हसरा आणि इतका कठोर दस्तऐवज दुसरा नाही. टिळकांना त्यांनी संत केले नाही, हे त्यातले सर्वांत ख्रिस्ती लक्षण असावे.

चर्च नावाच्या संस्थेला मात्र हे शहाणपण हळूहळू सुचले. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. बायकोला व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. स्वतंत्र भारतात पन्नासहून अधिक वर्षे हा भेद टिकला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो घटनाबाह्य ठरवला आणि संसदेने २००१ मध्ये कायदा बदलला. या बदलाला चर्चप्रमुखांनी पुढे पाठिंबा दिला, तरी त्यासाठी पायपीट केली ती ख्रिस्ती बायकांनी. आंतरधर्मीय विवाहात कॅथलिक जोडीदाराकडून चर्च आजही वचन घेते, की मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा तो किंवा ती शक्य तितका प्रयत्न करेल. दुसऱ्या जोडीदाराच्या श्रद्धेला यात काय जागा, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवण्यासाठी समन्वय समिती नेमली तेव्हा सज्ञान मुलीला सरकार लहान मूल समजते अशी टीका झाली, टीका योग्यच. पण ती करणाऱ्या धर्मगुरूने आपल्या विवाहनोंदणीतला हा रकानाही उघडून दाखवला पाहिजे. केरळात २०१८ मध्ये धर्मभगिनी एका बिशपविरुद्ध रस्त्यावर बसल्या. २०२२ मध्ये न्यायालयाने त्या बिशपना निर्दोष ठरवले, तो निकाल आपल्या जागी. पण तक्रार करणाऱ्या बायकांना चर्चच्या आत ऐकून घेणारे कोणी नव्हते म्हणून त्या रस्त्यावर आल्या, हे निकालाने बदलत नाही.

आणि जात. ख्रिस्तात कोणी उच्च-नीच नाही, हे पौलाने गलतीकरांना लिहून दोन हजार वर्षे होत आली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने सवलती आधी हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. चर्चने याविरुद्ध आवाज उठवला आणि तो योग्य आहे: धर्म बदलल्याने गावकुसाबाहेरचे घर वेशीच्या आत येत नाही. मात्र या युक्तिवादाची दुसरी धार चर्चच्याच मानेवर आहे. ख्रिस्ती होऊनही जात जात नसेल, तर ती टिकवते कोण? भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो हे लेखी मान्य केले. देशातल्या कॅथलिकांत दलितांची संख्या निम्म्याहून अधिक आणि बिशपांमध्ये ते बोटांवर मोजण्याइतके, हेही त्या वेळी समोर आले. हा प्रामाणिकपणा दुर्मिळ म्हणून त्याचे मोल मानू. पण कबुली म्हणजे दुरुस्ती नव्हे. मराठवाड्यातला ख्रिस्ती समाज बहुतांशी दलित, त्याचे लेखन मराठी साहित्यात जवळजवळ अदृश्य. मराठी ख्रिस्ती साहित्याची नावे सांगा म्हटले की बाबा पदमनजी, रमाबाई, टिळक पतीपत्नी, दिब्रिटो येतात. बेथेलच्या वस्तीतले एकही नाव येत नाही. उस्मानाबादच्या संमेलनात वसईचा आवाज मंचावर आला हे चांगले झाले, पण त्यामुळे मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाचे काम झाले असे होत नाही.

‘फादर फक्त हिंदुत्ववाद्यांवरच बोलतात’ हा टोमणा या जागी येतो. टोमणा मारणाऱ्यांचा हेतू चर्च सुधारण्याचा नसतो हे उघड आहे. पण हेतू वाईट म्हणून प्रश्न वाईट ठरत नाही. संमेलनानंतर नऊ महिन्यांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, आदिवासींच्या जमिनींसाठी आयुष्य घालवलेल्या त्र्याऐंशी वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींना अटक झाली. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, कोठडीत असतानाच, ते रुग्णालयात वारले. अशा काळात धर्मगुरूने गप्प बसावे असे म्हणणे म्हणजे त्याने फक्त सुरक्षित विषयांवर प्रवचन द्यावे असे म्हणणे आहे. दिब्रिटोंनी तसे केले नाही. आपली कारणे त्यांनी सगळ्यांना तपासता येतील अशा मराठीत मांडली आणि त्याची किंमत मोजली. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. बाहेरच्या जगाशी त्यांचा व्यवहार स्वच्छ होता, असा माझा निष्कर्ष आहे. त्यांच्या संस्थेचा घरातला हिशेब मात्र बाकी आहे आणि तो मागण्याचा हक्क वाचकालाही आहे. म्हणून महाराष्ट्रातल्या धर्मप्रांतांना एकच विनंती: २०१६ च्या धोरणानंतर आपल्याकडे किती दलित धर्मगुरू घडले, शाळा-महाविद्यालयांच्या व्यवस्थापनात त्यांना आणि बायकांना किती जागा मिळाल्या, मराठी माध्यमाच्या किती तुकड्या बंद झाल्या, याचे आकडे दरवर्षी मराठीत छापा. मासिकाची चार पाने पुरतील.